सुट्टीपुरतं भाड्याचं घर

मे महिना जवळ आला की कर्वेनगर-कोथरूड भागात एक बोलणं हमखास कानावर पडतं. ‘यंदा हॉटेल नको. कोकणात एखादं जुनं कौलारू घरच चार दिवस भाड्याने घेऊ.’ मग कुणीतरी दापोलीजवळच्या मुरूडचं नाव सुचवतं. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि डागडुजी करून पाहुण्यांसाठी उघडलेली घरं, असं सगळं तिथे आहे.

यात एक गंमत आहे. आजचं कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम 1900 मध्ये तिथल्या एका झोपडीत गेला आणि पुढे त्या परिसराला त्यांचंच नाव मिळालं. हे कर्वे मुरूडचे. शिक्षणासाठी गाव सोडून ते मुंबईला गेले आणि 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने कोकणचा माणूस वर आला, त्याच वाटेने आता पुणेकर सुट्टीला खाली उतरतात. या दोन प्रवासांच्या मध्ये त्या घरांचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे.

सुट्टीसाठी घर भाड्याने घेण्याची चाल आपल्याकडे तशी जुनी. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828च्या सुमारास, महाबळेश्वर वसू लागलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये माथेरानवर चढले आणि तिथेही बंगले उभे राहिले. इंग्रज साहेब, मग पारशी शेटजी, मग आपले वकील-डॉक्टर तिथे ‘हवापालटा’ला जाऊ लागले. पण हे बंगले मुळात बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठीच बांधलेले होते. कोकणातलं घर तसं नव्हे. ते राहण्यासाठी बांधलेलं होतं आणि माणसं निघून गेली म्हणून रिकामं झालं.

असंच फ्रान्समध्येही घडलं. शेतीत यंत्रं आली, शहरांतल्या कारखान्यांनी तरुणांना ओढून नेलं आणि डोंगराळ भागातली दगडी घरं ओस पडली. आल्प्सच्या एका भागातले सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने 1951 मध्ये तिथे पहिलं ‘जीत’ सुरू झालं. जीत म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं खेड्यातलं घर. कल्पना अगदी साधी होती. शेतकऱ्याला घर दुरुस्त करायला मदत करायची, त्याने ते शहरातल्या बेताच्या कमाईच्या कुटुंबांना सुट्टीत भाड्याने द्यायचं. घर पडायचं वाचतं, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळतं आणि शहरातल्या मुलांना गाय कशी असते ते कळतं. 1955 मध्ये अशा घरांचा देशव्यापी संघ झाला. पुढे पैसेवाले आले. प्रोव्हान्समध्ये जुनं घर घेऊन राहिलेल्या पीटर मेल या इंग्रज लेखकाचं पुस्तक 1989 मध्ये गाजलं आणि त्या भागाकडे पर्यटकांची रीघ लागली. आज तिथे पोहण्याच्या तलावासकट सजवलेले व्हिलाही आठवड्याच्या भाड्याने मिळतात. पण मूळ विचार घरमालकाला गावात टिकवून धरण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

कोकणातलं घर रिकामं व्हायला मुंबई कारण झाली. 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातला कर्ता पुरुष गिरणीत आणि बायको-मुलं, म्हातारे आईबाप गावी, ही रीतच पडली. घर मनिऑर्डरीवर चालायचं. 2011च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आता बायका-मुलंही गाव सोडून निघाली होती.

घराला कुलूप लागलं की ते झपाट्याने खचतं. कोकणी घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं, लाकडी वाशांचं, वर कौलं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. एक वर्ष ती चुकली आणि माकडांनी चार कौलं सरकवली की पाणी थेट वाशावर. त्यात चूल पेटत नाही, म्हणजे धूर नाही आणि वाळवीला रान मोकळं. माजघराची जमीन सारवायला कुणी नाही. जे घर माणसांच्या वावराने शंभर वर्षं टिकलं, ते बंद राहून थोड्याच वर्षांत आढ्यासकट खाली येतं.

1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पर्यटन महामंडळाने ‘निवास व न्याहारी’ची योजना आणली आणि बंद घरांना एक वाट मिळाली. पाहुण्यांच्या भाड्यातून शाकारणीचा खर्च निघू लागला.

पण घर दुरुस्त करायचं ठरवलं की पहिला प्रश्न पैशाचा नसतो, सह्यांचा असतो. तीन पिढ्या वाटणी झालेली नसते. कागदावर पंचवीस-तीस नावं असतात, त्यांतला एक डोंबिवलीत, दुसरा अमेरिकेत. एकाने वाशे बदलले तर उद्या दुसरा हिस्सा मागायला येईल, ही धास्ती असते. म्हणून कुणीच हात लावत नाही. फ्रान्समध्ये 1804च्या नेपोलियनच्या कायद्यापासून मुलगे आणि मुली समान वारस आहेत. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे तसंच आहे. त्यामुळे तिथेही बड्या घरांना वारस अनेक आणि दुरुस्तीला कुणी नाही, असं झालं. पण वाचलेली घरंही आहेत. केपें इथला 1787चा ‘पालासियु दो देआंव’ हा वाडा एका दांपत्याने कष्टाने दुरुस्त केला आणि पाहुण्यांसाठी उघडला.

आपल्याकडे या सह्यांत बहिणीची सही फार उशिरा आली. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण एक मेख होती. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी, भाऊ तयार होईपर्यंत, तिला मागता येत नसे. तिथे राहायचा हक्कसुद्धा अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 2005 मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि घराबद्दलची ती अटही काढून टाकली. हा हक्क बापाच्या हयातीवर अवलंबून नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

म्हणून आज घराचा ‘होमस्टे’ करायचा म्हटलं की सासरी गेलेल्या बहिणीकडे हक्कसोडपत्र येतं. ‘ताई, तुला काय करायचंय ते घर? माहेरपणाला तर येशीलच.’ पुष्कळ बहिणी सही करतात. पडीक घराला कुणी विचारत नव्हतं, तोवर तिच्या सहीला मोल नव्हतं. भाडं मिळू लागल्यावर ती सही हवीशी झाली.

विधवेशी लग्न केल्याबद्दल 1893 मध्ये कर्व्यांना मुरूडमध्ये बहिष्कार सोसावा लागला होता. ज्या बायकांना घर नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी हिंगण्याला झोपडी उभारली. त्यांच्या नावाच्या वस्तीतून कोकणात सुट्टीला जाताना आपण ओटी-पडवी न्याहाळतो, चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करतो. जाता जाता या घराच्या कागदावर बहिणींचीही नावं आहेत का, हेही मालकाला सहज विचारावं. भाड्यातला वाटा बहिणीला मिळाला, तर शाकारणीच्या खर्चालाही तिचा हात लागेल. घर जपणारा एक माणूस वाढला, तर ते घराच्या फायद्याचंच आहे.