सदलग्याच्या भिंती आणि त्यांना छेदणारी हत्यारे

दूधगंगेच्या काठचा सदलगा हा चिकोडी तालुक्यातील जुना कसबा. पेशवाई बुडाल्यावर चिकोडी आणि मनोळी हे दोन महाल कोल्हापूर दरबाराकडे गेले, १८२७ च्या तहाने कंपनी सरकारने ते परत घेतले, पुढे ते मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात राहिले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात समाविष्ट झाले. अंमल, सनदा आणि दप्तराची भाषा अशी वारंवार पालटत असता गवंड्याच्या ओळंब्याला, गुण्याला आणि करणीला त्या उलथापालथीची झळ फारशी लागली नाही. त्यांच्या व्यवहारात खरी क्रांती झाली ती पुष्कळ अलीकडे, आणि ती घडवून आणली विजेवर चालणाऱ्या, तळहाताएवढी चकती फिरवणाऱ्या एका यंत्राने, ज्याला बांधकामावरची माणसे नुसते ‘कटर’ म्हणतात.

या यंत्राचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीच्या भिंती डोळ्यांपुढे आणल्या पाहिजेत. या टापूतील सामान्य रयतेचे घर मातीच्या भेंड्यांचे आणि पांढऱ्या मातीचे असे, आणि अशा भिंतीत खिडकी नव्याने काढावयाची झाली तर पहार आणि कुदळ एवढी सामग्री पुरेशी होई. देसाई, इनामदार किंवा सावकार यांच्या वाड्याचे जोते तेवढे घडीव काळ्या दगडाचे. हा दगड म्हणजे सह्याद्रीपासून पूर्वेकडे पसरलेला लाव्हारसाचा कठीण पाषाण, आणि तो फोडण्याची विद्या परंपरेने वडार समाजाकडे होती. खाणीतील शिळेचा पोत न्याहाळून, तिची नस कोणत्या दिशेने गेली आहे हे हातोडीच्या नादावरून ओळखून, त्या रेषेवर टाकीने ओळीने छिद्रे पाडावयाची, त्यांत लोखंडी पाचरी ठोकावयाच्या आणि घणाचे घाव सर्वांवर सारख्या मापाने पाडीत जावयाचे, म्हणजे अखेर शिळा सरळ रेषेत दुभंगते. या कामात बळ लागे हे उघडच आहे, परंतु बळाहून अधिक लागे ती दगडाची पारख, आणि ती बापाजवळ बसून वर्षानुवर्षे काम केल्यावाचून येत नसे. वडारणी दारोदार फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावून देत, तोही याच विद्येचा घरगुती विस्तार होता.

सदलग्यापासून फार दूर नसलेल्या, कृष्णाकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या विद्येची उंची वेगळी सांगावयास नको. शिलाहारांच्या काळी, बाराव्या शतकात, इतक्या कठीण पाषाणात स्वर्गमंडपाचे ते खांब इतके गुळगुळीत आणि वर्तुळाकार उतरले आहेत की ते चाकावर कातून काढले असावेत असे वाटते. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमल बसदी सौंदर्यात उणी नाही, पण तिचा दगड मृदू आहे. म्हणून कारागिराच्या कष्टांचा विचार केला तर माझे मन खिद्रापूरकडेच अधिक ओढ घेते.

ज्या समाजाने हा कठीण पाषाण पिढ्यान्‌पिढ्या फोडला, त्याच्या वाट्याला मात्र स्थैर्य आले नाही. काम असेल तेथे पाल ठोकावयाचे आणि काम संपले की गाढवांवर संसार लादून पुढच्या गावी जावयाचे, असेच त्याचे आयुष्य गेले. राज्यपुनर्रचनेनंतर तर हा एकच समाज दोन कायद्यांच्या दोन कोष्टकांत विभागला गेला : महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींत मोडतात, आणि तेच भोवी अथवा वड्डर या नावाने कर्नाटकात अनुसूचित जातींत. सदलग्याहून काही कोसांवर महाराष्ट्रातला शिरोळ तालुका लागतो. एवढ्या अंतराने एकाच कुळातील दोन भावांचे दाखले भिन्न व्हावेत, ही गोष्ट मला सीमाप्रश्नाच्या राजकीय बाजूइतकीच विचार करावयास लावणारी वाटते.

आता यंत्राच्या वंशावळीकडे वळू. या चकतीचा पूर्वज टाकीत शोधू नये, तो शिकलगाराच्या साणेत शोधावा. तलवारी आणि विळ्या-कोयत्यांना धार लावणारा शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत कालवून आपले चाक घडवीत असे. कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ, हेच तत्त्व आजच्या चकतीतही आहे. फरक पडला तो कणांत आणि वेगात. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचिसन याने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम निर्माण केले आणि निसर्गातील कुरुंदावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडे १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीने अशी चाके बनविण्यास प्रारंभ केला. १९५४ हे वर्ष तर या इतिहासात विलक्षण योगाचे म्हणावे लागेल : त्या वर्षी जर्मनीतील आकरमान आणि श्मिट यांच्या कारखान्याने द्रुतगतीचे हाती ग्राइंडर, म्हणजे आजच्या कटरचेच आद्य रूप, बाजारात आणले, त्याच वर्षी मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. ही तिसरी घटना घडली नसती, तर पुढे काँक्रीट कापणारी हिरकण्यांची चकती गावच्या हार्डवेअरच्या दुकानात कधीच मिळाली नसती. कटरचे हे यंत्र मूळचे धातुकामाचे. बेळगाव-कोल्हापूरच्या फौंड्र्यांत ओतीव कामाच्या कडा घासून काढणारा कामगार त्याच्याशी परिचित आहे. बांधकामावर त्याला खरे महत्त्व आले ते हिरकणीच्या चकतीमुळे.

उसाने आणि तंबाखूने या भागात पैसा आणला आणि त्याबरोबर भाजक्या विटेची व सिमेंटची घरे आणली. जी भेंड्यांची घरे उरली होती त्यांतील कित्येकांचा २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत चिखल झाला, आणि त्यांच्या जागी पुन्हा वीट व काँक्रीटच उभे राहिले. विटेच्या कामात जुना गवंडी कापणे शक्य तो टाळीत असे. अर्धी किंवा पाऊण वीट हवी झाली तर तो करणीच्या धारेचा एक नेमका घाव घाली, पण भिंतीची लांबी विटेच्या मापात बसवून घेण्याकडे त्याचे लक्ष पहिल्या थरापासून असे. कटर आल्यावर ही पूर्वयोजना शिथिल झाली. आधी भिंत उभी करावयाची, गिलावा करावयाचा, आणि मग विजेच्या नळ्यांसाठी झिऱ्या मारावयाच्या, दाराची जागा बदलावयाची, प्रसंगी तुळईलाही हात लावावयाचा, अशी रीत पडली आहे. भिंतीतील झिरी एक वेळ भरून काढता येते. तुळईतील किंवा खांबातील सळई कापली गेली की ते घर कायमचे दुबळे होते, आणि या बाबतीत सोयीपुढे मान तुकविणारा गवंडी मी चांगला गवंडी मानीत नाही. तथापि या यंत्राने एक मोठा उपकारही केला : दगड-वीट छेदण्याचे काम जन्माने मिळालेल्या मक्त्यातून सोडवून ते कोणत्याही शिकाऊ पोराच्या हाती दिले, आणि घणाखाली झिजणाऱ्या खांद्यांना विसावा दिला.

परंतु खांद्यांचा भार उतरला तो छातीवर आला. चार इंची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला जवळजवळ अठ्ठावन्न मीटर या वेगाने धावते. टाकीने उडत त्या कपच्या. या वेगाने उडते ती धूळ इतकी सूक्ष्म असते की ती डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. आमच्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका अल्प असते. गोकाकच्या वालुकाश्मात, ग्रॅनाइटच्या फरशीत आणि काँक्रीटमधील गारयुक्त वाळूत ती विपुल असते, आणि तिच्यापासून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात या रोगाची नोंद होती, पण घराच्या भिंतीत झिरी मारणारा पोरगा कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचे संरक्षण नोंदणी झाल्यावर मिळे, आणि खाजगी घराच्या कामावरचे पुष्कळजण त्या नोंदणीच्या बाहेरच राहत.

म्हणून जे कोणी यंदा घर बांधीत असतील, त्यांना माझी विनंती आहे. झिऱ्या आणि दारे-खिडक्या नकाशातच ठरवा, म्हणजे कापणेच कमी होईल. विटा आदल्या दिवशी भिजवून ठेवावयास सांगा, पण चालत्या विजेच्या यंत्रावर पाणी ओतू देऊ नका. भिंत कापताना धूळ ओढून घेणारे यंत्र एक दिवसाच्या भाड्याने आणा. तोंडाला बांधलेला टॉवेल या धुळीला अडवीत नाही. एन-९५ जातीचा मास्क आणि डोळ्यांसाठी चष्मा गवंड्याच्या हिशेबात न धरता आपल्या पदरचा द्या, आणि चकतीवरचे लोखंडी झाकण काढून ठेवलेले दिसले तर ते परत बसवीपर्यंत काम थांबवा.