नाताळच्या रहस्यकथांतील क्षमा

इंग्लंडांतील रहस्यकथेची नाताळच्या सणाशीं जी सोयरीक जुळली, तिचें मूळ तेथील नियतकालिकांत आहे. डिकन्सनें १८५० पासून आपल्या साप्ताहिकाचे नाताळ अंक काढले आणि सणाच्या दिवसांत शेकोटीभोंवतीं बसून कथा वाचण्याची आवड वाढीस लागली. आपल्याकडे ‘मनोरंजन’ मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिच्याशीं हिचें साम्य उघड आहे. पाहुण्यांनीं भरलेलें घर रहस्यकथाकारास सोयीचें खरें. परंतु या कथांपैकीं उत्तम कथांचें मर्म निराळ्या ठिकाणीं आहे, असें आम्हांस वाटतें.

कॉनन डॉइलची ‘ब्लू कार्बंकल’ ही कथा ‘स्ट्रँड’ मासिकांत जानेवारी १८९२ मध्यें प्रसिद्ध झाली. एका सरदार घराण्यांतील स्त्रीचें निळें रत्न हॉटेलांतून चोरीस जातें आणि मेजवानीसाठीं आणलेल्या हंसाच्या पोटांत सांपडतें. आळ येतो हॉर्नर नांवाच्या नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर. कारण पूर्वीं त्यास चोरीबद्दल शिक्षा झालेली असते. खरा चोर रायडर हा हॉटेलांतीलच नोकर. तो गयावया करितो, आणि होम्स त्यास सोडून देतो. चेस्टरटनच्या १९११ मधील ‘फ्लाइंग स्टार्स’ या कथेंतहि असेंच घडतें. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं घरांत प्रहसन चाललें असतां फ्लँबो हिरे लांबवितो, आणि संशय जातो क्रुक या समाजवादी तरुणावर. फादर ब्राउन चोरास पकडून देत नाहीं. बागेंत त्याची समजूत घालून हिरे परत मिळवितो.

ही क्षमा म्हणजे सणासुदीचा भाबडेपणा, असें कोणी म्हणेल. परंतु रायडर साक्षीस उभा राहणार नाहीं व मग हॉर्नरवरील खटला टिकणार नाहीं, हें होम्सनें आधींच ताडलेलें असतें. निरपराध तरुणावर किटाळ ठेवून तूं पळतो आहेस, हा फादर ब्राउनचाहि फ्लँबोस बोल आहे. अपराध्यावर दया करण्यापूर्वीं निरपराध्याची सुटका पाहावी, हा या कथांचा नियम दिसतो. शिवाय आळ येतो तो कोणावर? एक पूर्वीं तुरुंगांत गेलेला, दुसरा आपल्या मतांमुळें घरांतील वडीलधाऱ्यांस न रुचणारा. नावडता मनुष्य दिसतांच शोध थांबविण्याची ही खोड कोणत्या समाजांत नाहीं? सणाच्या करमणुकीसाठीं लिहिलेल्या या कथांनीं ती खोड दाखवून दिली, म्हणूनच शतकानंतरहि त्या वाचण्याजोग्या राहिल्या आहेत, असा आमचा अभिप्राय आहे.