माथेरानची हातरिक्षा आणि श्रमाची मर्यादा

राजगृहाच्या वेळुवनात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात ग्रथित झाला आहे. सहा दिशांना वंदन करणाऱ्या सिगालाला भगवंतांनी प्रत्येक दिशेच्या ठायी एकेक मानवी संबंध दाखविला. त्यात खालची दिशा ती सेवक व कामकऱ्यांची. त्यांच्याविषयी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: बळ पाहून काम नेमणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ त्यांच्यासह वाटून खाणे आणि योग्य वेळी कामातून मोकळे करणे. अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी या शेवटच्या कर्तव्याचे दोन भाग मानले आहेत. दिवसभर राबणारा माणूस थकून जाऊ नये म्हणून त्याला रोज वेळेवर सोडावे, आणि सणासमारंभाच्या दिवशी रजा द्यावी. म्हणजे विश्रांती ही धन्याची मेहेरबानी नसून त्याचे कर्तव्य आहे, असा या वचनाचा इत्यर्थ होय.

आधुनिक काळात हे कर्तव्य कायद्यात उतरण्यास दीर्घ संघर्ष करावा लागला. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरविले, प्रौढांचे नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती व सूर्यास्ताला कामाची अखेर अशा मागण्या मांडल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषांना मात्र १९११ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४. मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ४८ तासांवर आणली.

परंतु ही मर्यादा कारखान्याच्या दरवाजापाशीच थांबली. दरवाजाबाहेर राबणाऱ्यांचे काय झाले, याचे उदाहरण मुंबईपासून फार दूर नाही.

कर्जत तालुक्यातील माथेरान हे मुंबईकरांचे विसाव्याचे ठिकाण. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले आणि हा डोंगर इंग्रजांच्या दृष्टीस पडला. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळ–माथेरान रेल्वे सुरू झाली. मोटारीला मज्जाव असल्यामुळे येथील हवा व शांतता टिकली. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. मात्र मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, तेथून पुढचा भार घोडा, हमाल आणि हातरिक्षा ओढणारा माणूस यांच्यावर पडतो. पाहुण्याच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याने तांबड्या मातीचा चढ छाती फुटेपर्यंत चढावा, अशी ही व्यवस्था होती.

हातरिक्षा ओढणाऱ्याला नित्याचा धनी नसतो. म्हणून त्याला वेळेवर मोकळे करणारेही कोणी नसते. मिळकत खेपेवर असल्यामुळे दम खाण्यासाठी घेतलेली प्रत्येक घटका त्याच्या मजुरीतून वजा होते. हंगामात खेप नाकारणे परवडत नाही आणि पावसाळ्यात खेपच मिळत नाही. यात ‘बळ पाहून काम’ हा पहिला दंडक तर मोडतोच, शिवाय शेवटचाही मोडतो.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरविली. सायकलरिक्षा चालकांसंबंधी १९८० साली दिलेल्या निकालाचे स्मरण देऊन, ४५ वर्षांनंतरही माणसाने माणसाला ओढावे याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. सहा महिन्यांत ही प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करावी, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देण्याची योजना आखावी आणि निधी नसल्याची सबब सांगू नये, असा आदेश राज्य शासनाला देण्यात आला.

या निर्णयाचे मोल मोठे आहे. तथापि यंत्र आले म्हणजे विश्रांती आली, असे इतिहास सांगत नाही. गिरणीतही यंत्रच होते, आणि त्याच यंत्रापुढे कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभा होता. ई-रिक्षेमुळे खांद्यावरचा भार उतरेल, पण भाड्याची रक्कम फार असेल तर ती भरून काढण्यासाठी चालकाला रात्रीपर्यंत खेपा कराव्या लागतील. तेव्हा भाडे किती असावे, पाळी किती तासांची असावी, आठवड्यात सुटी व आजारपणात आधार कसा मिळावा, हे प्रश्न वाहनाइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्याला धनी नाही त्याच्या बाबतीत ती पाच कर्तव्ये समाजावर व शासनावर येतात. श्रमिकाला खालच्या दिशेचा मान द्यावयाचा तर त्याचे ओझे हलके करावे लागेल आणि त्याच्या दिवसालाही अखेर द्यावी लागेल.