पोथीच्या पानावरचा लाल ठिपका

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. गोष्ट एका बगपासून सुरू होते, आणि बग माझाच होता.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने कल्पसूत्राच्या हस्तलिखित पानांचे फोटो नेटवर ठेवलेत. डाग पुसून नुसती अक्षरं वेगळी काढणारा एक छोटा प्रोग्रॅम मी त्यांच्यावर चालवला. पानाच्या मधोमध लाल ठिपका होता, तो गेला. मी खूश! पुढच्या पानावर बघतो तर पुन्हा ठिपका, अगदी त्याच जागी. आता डाग इतक्या शिस्तीत पडतो का?

कल्पसूत्र हा जैनांचा ग्रंथ. महावीरांचं आणि इतर तीर्थंकरांचं चरित्र त्यात आहे, पर्युषणात तो वाचतात. गुजरात-राजस्थानातले व्यापारी पुण्य म्हणून अशा पोथ्या लिहवून घेत आणि दान करत. पाटण, खंभात, जैसलमेरच्या ग्रंथभांडारांनी त्या जपल्या. जैसलमेरला तर १०६० सालची सचित्र ताडपत्री पोथी आहे.

ताडाचं पान म्हणजे लांबच लांब पट्टी, उंची जेमतेम चार बोटं. त्यावर कितीही मोठा कलाकार बसवा, चित्र तळहाताएवढंच होणार. दक्षिणेत आणि ओडिशात अक्षरं लोखंडी लेखणीने कोरून त्यात काजळी भरत. इथे मात्र शाईने लिहीत. पानांना भोक पाडायचं, दोरी ओवायची, वर-खाली लाकडी पाट्या. मजकूर भोकाभोवती जागा सोडून लिहायचा.

चौदाव्या शतकापासून या पोथ्या कागदावर येऊ लागल्या. कागद हवा तसा कापता येतो ना? तरी पानं आडवीच राहिली. दोरीची गरज संपली, पण भोकाची जागा लेखक मोकळी सोडतच राहिले आणि तिथे लाल ठिपका काढू लागले. कुठे एक, कुठे तीन. पुढे पंधराव्या शतकात सोनं आलं, अफगाणिस्तानातल्या खाणींचा निळा लाजवर्द आला, आणि तो ठिपकाही नटला. कधीकाळी तिथे भोक होतं, एवढीच त्याची ओळख.

आमच्या भाषेत याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणता येईल, पण मला ते पटत नाही. जुन्या दोरीत कोणाला नवी पानं ओवायची नव्हती. मला वाटतं, पोथी ही पोथीसारखी दिसली पाहिजे, एवढंच कारण असावं. आजीला मी गुरुचरित्राचं पीडीएफ दिलं होतं, उभ्या पानांचं. ती म्हणाली, "हे पुस्तक झालं रे, पोथी कुठेय?" तिची लाल फडक्यातली पोथी छापीलच आहे, पण पानं सुटी आणि आडवी.

जाता जाता अजून एक. पोथीत चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासून वर पुन्हा लिहीत. आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. माझा प्रोग्रॅम ते पिवळे डागही पुसत होता, म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या दुरुस्त्याच गायब!

ती ओळ मी कोडमधून काढली. पण आधीची चाळीस पानं मूळ फाइलवरच सेव्ह केली होती, बॅकअप न घेता. सध्या ती पुन्हा डाउनलोड करत बसलोय.