चेर्नोबिल बालकांचे परदेशी आतिथ्य व दत्तकविधान

चेर्नोबिल दुर्घटनेची झळ लागलेल्या प्रदेशातील मुलांना सुटीत काही आठवडे परदेशी कुटुंबांत ठेवण्याची प्रथा. आरोग्यासाठी सुरू झालेला हा उपक्रम अनाथाश्रमांतील काही मोठ्या मुलांच्या बाबतीत दत्तकविधानाचा मार्ग ठरला.

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएट संघातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल अणुविद्युत् केंद्रात स्फोट झाला. त्यातून पसरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा मोठा भाग शेजारच्या बेलारूसमध्ये पडला. दूध, अळंबी, रानफळे यांवाटे सिझियम–१३७ मुलांच्या शरीरात जाई. निर्दूषित आहार मिळाल्यास ते हळूहळू उत्सर्जित होते. या आधारावर इटली, आयर्लंड, जर्मनी, स्पेन इ. देशांतील स्वयंसेवी संस्थांनी १९९० नंतर हजारो मुलांना पाहुणे म्हणून बोलाविले.

त्यांत अनाथाश्रमांतील मुलेही असत. एरवी दत्तक घेणाऱ्यांची पसंती तान्ह्या मुलांना असते. येथे मात्र तेच मूल वर्षानुवर्षे त्याच घरी येई, तेथील भाषा शिके व यजमानांना आईवडील मानू लागे. त्यामुळे आठदहा वर्षांच्या मुलांसाठीही, विशेषतः इटलीत, दत्तकाचे अर्ज होऊ लागले.

आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या हेग करारानुसार मूल दत्तक देण्यायोग्य आहे काय व दांपत्य पात्र आहे काय, हे आधी ठरवावे लागते. आतिथ्यात हा क्रम उलटला. जिव्हाळा आधी जडे, चौकशी नंतर होई. शिवाय अनाथाश्रमांतील अनेक मुलांचे आईवडील हयात असत.

२००४ मध्ये बेलारूसने नियम कडक केल्याने अनेक अर्ज रखडले. २००६ मध्ये जेनोआजवळील एका दांपत्याने, अनाथाश्रमात अत्याचार झाल्याचे सांगून, दहा वर्षांच्या मुलीला परत पाठविण्यास नकार दिला व तिला लपविले. पोलिसांनी शोध घेतल्यावर तिची मायदेशी रवानगी झाली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात पाहुणी आलेल्या मुलीने परतण्यास नकार दिल्यावर बेलारूसने मुलांच्या परतीची शासकीय हमी मागितली. आयर्लंडने तसा करार केला. २०२० ची महासाथ व २०२२ मधील युद्ध यांमुळे हे प्रवास बव्हंशी खंडित झाले.

या प्रथेमुळे कागदोपत्री कोणी निवडली नसती अशा मुलांना कुटुंब लाभले. मात्र अर्ज फेटाळला गेल्यास वा यजमानांनी विचार बदलल्यास त्याची झळ मुख्यतः मुलालाच लागे. कारण एकदा घर अनुभवून त्याला पुन्हा अनाथाश्रमात राहावे लागे.