आढीतला वायू

आढीत एक आंबा पिकला की शेजारचेही भराभर पिकू लागतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. यामागचा वायू प्रथम ओळखू आला तो वाटाण्यामुळे. १९०१ साली रशियात नेल्युबोव यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याचे कोंब आडवेच वाढत. बिचाऱ्या वाटाण्याचा दोष नव्हता. तो दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा होता. १९३४ साली इंग्लंडात रिचर्ड गेन यांनी दाखवलं, की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः तयार करतं. १९९१ मध्ये अमेरिकेत टोमॅटोत इथिलीन बनवणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाचं काम रोखलं, तर फळं पिकेचनात! बाहेरून इथिलीन देताच पिकली.

कार्बाइडमधून मात्र ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिकचा अंशही येऊ शकतो. म्हणून फळं पिकवायला त्याची बंदी आहे. इथिलीन वायूला दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे.