कावसजीचे नाक आणि एक चित्र

श्रोतेहो, हुबळीच्या दुर्गदबैलाचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शिंगे उगारलेला बैल उभा राहतो. वस्तुतः कानडीत ‘बैलु’ म्हणजे मोकळी जागा. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. तथापि तेथील बाजारातून शाळेकडे जाताना मला एका बैलवाल्याची आठवण होते. वैद्यकीय चित्रकलेच्या इतिहासात त्याचा चेहरा अमर झाला आहे.

१७९० ते १७९२ या काळात पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी मिळून टिपू सुलतानाशी युद्ध केले. याच युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी आपल्या धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला होता. सहा महिन्यांहून अधिक झुंजून एप्रिल १७९१ मध्ये तो किल्ला पडला. अशा मोहिमांचा सारा भार बैलांवर असे. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आहे.

वर्षभर तो बिननाकाने वावरला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

ती कशी होती? कारागिराने पातळ मेणाचे नाक घडविले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडविली. मात्र भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, कारण तिच्यातूनच कातडीला रक्त मिळावयाचे होते. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळविली, नाकाच्या जागी बसविली आणि कातात भिजविलेल्या कापडाने बांधली. सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापण्यात आली.

मी हे वर्गात शब्दांनी सांगतो, तेव्हा मुले माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. फळ्यावर चार रेघा ओढताच त्यांचे डोळे चमकतात. सुश्रुतसंहितेतही झाडाच्या पानाच्या मापाने गालाची कातडी घेऊन नाक जोडण्याचा विधी आहे. परंतु निव्वळ शब्दांवरून तो हाताला कसा उमगावा?

येथे चित्रकार पुढे येतो. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार त्या वेळी पश्चिम हिंदुस्थानात चित्रे काढीत होता. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्याने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून कोरलेली छापील प्रतिमा, मेणाच्या तुकड्याच्या आकृतींसह, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. या वृत्तान्तापासून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला नवे नाक दिले. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले, अर्थात सचित्र.

अशा चित्राला एक मर्यादा मात्र असते. कातडी वळतानाचा क्षण स्थिर रेषेत मावत नाही. ही उणीव पुढे चलच्चित्राने भरून काढली. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून पडद्यावर हलती केली होती. आज शल्यविद्येचे विद्यार्थी कपाळावरील कातडी नाकावर उतरताना हलत्या रेखाचित्रांतून पाहतात. त्या साऱ्या रेषांचे एक मूळ वेल्सच्या चित्रात आहे.

श्रोतेहो, रोग्याचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले, पाहणाऱ्या वैद्यांचेही राहिले. ज्याच्या हातात खरी विद्या होती, त्या कारागिराचे नाव मात्र कोणी विचारून लिहिले नाही. चित्रातही तो नाही; आहे ते केवळ त्याचे काम. हे चित्र दाखविताना मी मुलांना प्रथम नाक पाहावयास सांगतो, मग कपाळावरचा व्रण, आणि शेवटी, जो हात चित्रात दिसत नाही, त्याची आठवण ठेवावयास सांगतो.